समाईक खरेदी आणि दूरचा दुकानदार

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, गुजरातच्या सीमेकडे उतरत जाणाऱ्या डोंगराळ मुलखात वसलेले हरसूल हे आसपासच्या वाड्यापाड्यांच्या बाजारहाटाचे गाव आहे. भात, नागली, वरई आणि खुरासणी पिकवणाऱ्या कुटुंबांची मीठमिरचीपासून नांगराच्या फाळापर्यंतची सारी निकड ज्या पेठेने पिढ्यान्‌पिढ्या भागवली, आणि ज्या पेठेत नाशिकहून आलेला व्यापारीसुद्धा काल-परवापर्यंत परका समजला जाई, त्याच पेठेत आज एखादा होतकरू तरुण आपल्या मोबाइलवर चीनमधील यिवू अथवा ग्वांगझू येथील कारखानदाराचा भाव पाहू शकतो. आणि एक नग घेतला तर एक भाव, पन्नास घेतले तर त्याहून बराच उतरता भाव, हे तेथे स्वच्छ लिहिलेले असल्यामुळे, बचत गटाने, शेतकरी गटाने किंवा आळीतल्या दहावीस घरांनी पैसे एकत्र करून भातकापणीचे छोटे यंत्र, फवारणीचा पंप किंवा सौर दिवे थेट परदेशातूनच का मागवू नयेत, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही. अशा प्रश्नाला स्वदेशीच्या आवेशाने ‘नको’ म्हणणे जितके सोपे, तितकेच स्वस्ताईच्या मोहाने ‘हो’ म्हणणेही सोपे आहे. परंतु ज्यांच्या घामाचा पैसा यात गुंतायचा आहे त्यांच्या दृष्टीने या व्यवहाराचे गुणदोष दोन्ही पारड्यांत घालून पाहणेच उचित होय.

समाईक खरेदीची कल्पना मुळात थोर आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी आणि इतर कारागिरांनी १८४४ च्या डिसेंबरात जे छोटेसे दुकान उघडले, त्यात पीठ, लोणी, साखर यांसारखे मोजकेच जिन्नस होते. पण त्या दुकानाच्या उभारणीमागे दराच्या गाऱ्हाण्याइतकेच भेसळीचे आणि खोट्या वजनमापाचे गाऱ्हाणे होते, आणि म्हणूनच शुद्ध माल व पुरे माप हे त्या मंडळींनी आपले पहिले ब्रीद मानले. पुढे १८६३ मध्ये अशा अनेक दुकानांनी एकत्र येऊन मँचेस्टर येथे घाऊक खरेदीची संस्था काढली, आणि चहाचे दलाल टाळण्यासाठी इंग्लंड व स्कॉटलंड येथील सहकारी घाऊक संस्थांनी मिळून १९०२ मध्ये सिलोनात चहाचे मळेच विकत घेतले. समुद्रापलीकडून समाईक खरेदी करण्याचे हे बहुधा सर्वांत यशस्वी उदाहरण असेल. परंतु दुकानापासून मळ्यापर्यंत जायला त्या लोकांना जवळजवळ साठ वर्षे लागली, आणि त्या साठ वर्षांत त्यांनी कारकून, हिशेबनीस, तपासनीस व बंदरावरील अडते यांची जी यंत्रणा उभी केली, तिच्या जोरावरच दूरदेशीचा माल त्यांना परवडला, ही गोष्ट उदाहरण देताना सहसा सांगितली जात नाही.

आपल्याकडेही या विचाराची परंपरा नाही असे नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी दुकानाचा आडपडदा न ठेवता घरोघरच्या मागणीपत्रकांवर समाईक खरेदी चालवून दाखवली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, पंचायतीने ती एकरकमी खरेदी करून माल एका घरी उतरवायचा, आणि सभासदांनी तो आपापसांत वाटून घ्यायचा, अशी ही साधी रीत. डाळीत खडे निघाले किंवा साबणाचा दर्जा घसरला तर तक्रार त्याच आळीतून वर जाई आणि पुढच्या खेपेला तो पुरवठादार बदलता येई. या रीतीचा खरा लाभ म्हणून लोक भावातील सवलत सांगतात. आमच्या मते तिचा खरा लाभ असा की, एकट्या गिऱ्हाइकाला जो माल मुकाट्याने पदरात घ्यावा लागे, तो नाकारण्याची ताकद संघाच्या अंगी आली.

हरसूलच्या आठवडे बाजारात विळा घेणाऱ्या बाईचे निरीक्षण केले तर ही ताकद म्हणजे काय ते लक्षात येते. ती विळा उचलते, पात्याच्या दातऱ्यावरून अंगठा अलगद आडवा फिरवते, मुठीत धरून मनगटाला तोल साधतो की नाही ते बघते, मूठ लोखंडात नीट बसवली आहे का हे दोन झटक्यांत तपासते, आणि मनाला आले नाही तर ठेवून पुढच्या पालाकडे वळते. पैसे कमरेच्या पिशवीतून बाहेर येतात ते या सगळ्यानंतर. या व्यवहारात हमीपत्र नाही, पावतीही बहुधा नाही. परंतु माल, मालक आणि चार साक्षीदार एकाच जागी आहेत, आणि पुढच्या आठवड्याला तोच लोहार त्याच जागी बसायचा आहे. म्हणजे जी खरेदी दिसायला अगदी कच्ची, तिच्यातच गिऱ्हाइकाचा हक्क सर्वांत पक्का आहे.

आता हीच खरेदी परदेशी विक्रेत्याकडून कशी होते ते पाहावे. प्रचलित रिवाज असा की, मागणी नोंदवताना सुमारे तीस टक्के रक्कम विसार म्हणून बँकेमार्फत पाठवायची आणि उरलेली सत्तर टक्के माल जहाजावर चढण्यापूर्वी भरायची. याचा अर्थ इतकाच की, गिऱ्हाइकाने अंगठा लावून धार पाहण्याच्या आधीच सगळा पैसा परहस्ते जमा झालेला असतो. नमुना म्हणून आलेला नग उत्तम असतो आणि खेपेतला माल मध्यम निघतो, तेव्हा दाद मागायची कोणाकडे? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या कायद्याने गिऱ्हाइकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढे फिर्याद नेण्याची मुभा दिली, आणि २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी भारतातील गिऱ्हाइकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परकीय विक्रेत्यालाही आपल्या कक्षेत घेतले, हे खरे आहे. तथापि नाशिकच्या आयोगाने दिलेल्या निकालाची अंमलबजावणी चीनच्या झेजियांग प्रांतातील कारखान्यावर कशी व्हावी, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटतो तितका व्यवहारात सुटत नाही.

भावाचा हिशेबही पडद्यावर दिसतो तितका सरळ नसतो. समजा, वीस घरांनी मिळून जहाजभाडे व विमा धरून एक लाख रुपयांचा माल मागवला, म्हणजे दर घरी पाच हजार. त्या मालावर मूळ सीमाशुल्क दहा टक्के आहे असे धरले तर दहा हजार रुपये, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे एक हजार, आणि या सर्व रकमेवर, म्हणजे एक लाख अकरा हजारांवर, अठरा टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर एकोणीस हजार नऊशे ऐंशी. अशी बेरीज एक लाख तीस हजार नऊशे ऐंशी होते. पाच हजारांचे साडेसहा हजार झाले, आणि अद्याप सीमाशुल्क दलालाचा मेहनताना, न्हावाशेवा बंदरावरील आकार, परकीय चलनाच्या अदलाबदलीतील घट व वाघेऱ्याच्या घाटातून येणाऱ्या टेम्पोचे भाडे यांचा पत्ता नाही. कागदपत्रांत खोट निघून माल बंदरात अडकला तर दर दिवशी चढणारे विलंब-आकार वेगळेच. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याला आयातीवर भरलेला वस्तू व सेवा कर पुढच्या विक्रीत वळता करून घेता येतो. नोंदणी नसलेल्या वीस कुटुंबांना तो कायमचा सोसावा लागतो. म्हणून एकाच मालाचा व्यापाऱ्याला पडणारा भाव आणि हौशी गटाला पडणारा भाव यांत मुळातच फरक असतो, आणि तो फरक गटाच्या विरुद्ध असतो.

याहून गंभीर गोष्ट जबाबदारीची आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खालच्या कागदपत्रांत आयातदार म्हणून लागते ते एका माणसाचे किंवा एका संस्थेचे नाव. ‘आम्ही वीस जण’ असा आयातदार त्या कागदांत बसत नाही. व्यापारी आयातीला आयात-निर्यात संकेतांक लागतो. स्वतःच्या घरगुती वापराच्या वस्तूला तो लागत नाही. तेव्हा वीस जणांचा माल एकाच्या नावाने ‘घरगुती वापरासाठी’ म्हणून मागवणे हे प्रांजळपणाने पाहता खोटे निवेदन ठरते, आणि माल जप्त झाला तर दंडाचा पहिला बोजा ज्याचे नाव कागदावर त्याच्यावरच येतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वीस जणांचा पैसा त्या एकाच्या खात्यात असतो, आणि तो प्रामाणिक असूनही विक्रेत्याने फसवले, तर गावात तोंड दाखवणे त्याला कठीण होते. म्हणजे लाभ झाला तर वीस वाटे आणि तोटा झाला तर एकच वाटेकरी, किंवा एकाच्या चुकीने एकोणीस जणांचे नुकसान, अशी ही विषम भागीदारी आहे. आणि बहुतेक गटांत विसार पाठवण्यापूर्वी याबद्दल एक ओळही लिहिलेली नसते.

सरकारच्या एका आदेशाने सारा डाव उधळण्याचा धोकाही विसरता येत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या एकोणसाठ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली त्यांत क्लब फॅक्टरी आणि शीन ही खरेदीची दालने होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेसही त्या यादीत गेले. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले, २०२३ मध्ये सत्तर. आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह नसलेली खेळणी आणता येईनाशी झाली. फवारणीचे ड्रोन समाईक घेण्याची स्वप्ने अनेक शेतकरी गटांनी पाहिली. पण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. या आदेशांचे समर्थन वा खंडन हा येथे विषय नाही. त्यांची खबर ज्याला नसते तो गट विक्रेत्याला दोष देत बसतो, एवढेच सांगायचे आहे. बियाण्याच्या बाबतीत तर याहून कडक सावधगिरी हवी. वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ अन्वये परदेशी बियाणे व रोपे आयात परवान्यावाचून आणि निर्यातदार देशाच्या वनस्पती आरोग्य दाखल्यावाचून आणता येत नाहीत, आणि ज्या भागात देशी भाताचे नि नागलीचे वाण घराघरांतल्या कणग्यांत जपले गेले, तेथे अज्ञात रोगकीड घेऊन आलेली एक पुडी किती अनर्थ करील याची कल्पना करणे अवघड नाही. २०२० साली अनेक देशांतील लोकांच्या दारी न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे येऊन पडली, तेव्हा भारत सरकारनेही सावधगिरीचा इशारा दिला होता.

इतके दोष सांगितल्यावर परदेशी विक्रेत्याशी समाईक व्यवहार करूच नये असा निष्कर्ष काढावा काय? तसे आम्हांला वाटत नाही. कारण असा व्यवहार कसा करावा याचे धडे घ्यायला हरसूलकरांना फार दूर जावे लागत नाही. हरसूल आणि पेठ तालुक्याकडची माणसे हंगामात गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून किंवा थेट मुकादमाबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी आणि काढणीला जातात. आणि त्या बागांतील द्राक्षे युरोपात जातात तेव्हा या जिल्ह्यातील शेतकरी स्वतःच दूरदेशीचा विक्रेता झालेला असतो. तेथला खरेदीदार कसा वागतो ते बागेत कात्री चालवणाऱ्या मजुराला पुरते ठाऊक आहे. मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोजला जातो, गोडी ब्रिक्समध्ये पाहिली जाते, प्रत्येक बागेची नोंदणी होते, द्राक्षांत औषधांचा अंश किती उरला याची प्रयोगशाळेत तपासणी होते, आणि एवढे होऊनही पेटी रॉटरडॅमला पोहोचल्यावर तेथला तपासनीस ती पुन्हा उघडतो; हिशेब पुष्कळदा त्यानंतरच पुरा होतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश युरोपीय प्रयोगशाळांना सापडला, तेव्हा नाशिकची द्राक्षे परक्या बंदरांत अडकली आणि अनेक बागायतदार कर्जात बुडाले. तो प्रसंग आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दारुण होता. परंतु खरेदीदाराचे बळ कशात असते हे त्याने कायमचे शिकवले. त्या खरेदीदाराने भाव पाडण्याआधी नाकारण्याचा हक्क आपल्या हाती ठेवला होता.

हा धडा घेऊन खरेदीच्या बाजूनेही नाशिकने काही केले आहे. द्राक्ष बागाईतदारांच्या संघाने सभासदांना लागणाऱ्या निविष्ठा एकत्रित मिळवून देण्याची प्रथा पाडली. आणि दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने आरा नावाची पेटंट असलेली द्राक्षवाणे परदेशी मालकाशी रीतसर करार करून आणली. एकट्यादुकट्या बागायतदाराला त्या परकीय मालकाने दारातही उभे केले नसते. कलमे चोरून आणणे बेकायदा, आणि तशा बागेची द्राक्षे परदेशात विकणेही धोक्याचे झाले असते. येथे गटाने जे विकत घेतले ते मुख्यत्वे एक कायदेशीर हक्क होता, आणि तो घेण्यासाठी कंपनी नोंदलेली, हिशेब तपासलेला, वकील नेमलेला आणि करार मोडल्यास जबाबदारी कोणाची हे लिहिलेले होते. समुद्रापलीकडची समाईक खरेदी फळाला आली ती अशा ठिकाणी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. मोहाडीच्या बागायतदाराजवळ जे भांडवल आहे ते हरसूलच्या दोन एकर भातवाल्याजवळ कोठून येणार? त्याने करारमदार होईपर्यंत थांबावे आणि तोवर पेठेतील दुकानदार मागेल तो भाव द्यावा, हाच का न्याय? पेठेतल्या दुकानदाराचे वकीलपत्र घेण्याची आमची इच्छा नाही. स्पर्धा नसली की तो भाव चढवतो हे उघड आहे. पण तोच दुकानदार आषाढात उधार देऊन दिवाळीनंतर भात विकल्यावर वसूल करतो, न खपलेला माल स्वतःच्या अंगावर घेतो, आणि पंपाचा वायसर गेला तर दोन दिवसांत आणून देतो, याचाही हिशेब गटाने मांडावा. परदेशी यंत्र ऐन कापणीत बंद पडले आणि त्याचा एक दाता मिळवायला महिना लागला, तर वाचवलेले हजार रुपये एका सरीतच वाहून जातात. पाऊस लांबला की चार दिवसांत भात आडवा होतो. त्याला जहाजाच्या वेळापत्रकाची फिकीर नसते.

म्हणून आमचे मत असे आहे. ज्या वस्तू देशात त्याच दर्जाच्या मिळतात, ज्यांना सतत दुरुस्ती लागते, किंवा ज्यांच्या मानकांबद्दल कायदा कडक आहे, त्या गटाने एकत्र घ्याव्यात, पण देशातल्याच कारखानदाराकडून किंवा आयातदाराकडून घ्याव्यात. समाईक खरेदीचा बहुतेक लाभ येथेच मिळतो, आणि त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. जी वस्तू येथे मिळतच नाही, आणि जिची गरज वर्षानुवर्षे राहणार आहे, तेवढ्यासाठीच परदेशाकडे पाहावे. आणि तेव्हाही ज्या गटाला कायद्याने अस्तित्व नाही त्याने विसार पाठवू नये. आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, उमेद अभियानातील महिला गटांचे संघ अशा नोंदलेल्या संस्था या भागात आहेत; १९७२ पासून नाशिकलाच मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ आदिवासींचे धान्य व वनोपज खरेदी करण्याचा दीर्घ अनुभव बाळगून आहे. विकत घेण्याच्या कामात कुशल झालेल्या या संस्थांनी आपल्या सभासदांसाठी मागवण्याचे कामही शिकावे, एखाद्या कारकुनाला सीमाशुल्काची आणि बँकेच्या पतपत्राची रीत शिकवावी, आणि पैसा कागदपत्रांच्या रुजुवातीवर व मालाच्या तपासणीनंतरच सुटेल अशी अट प्रत्येक मागणीत घालावी. गटाच्या ठरावात तीन गोष्टी लेखी असाव्यात: माल खराब निघाला तर तोटा कोणत्या प्रमाणात वाटला जाईल, खेप उशिरा आली तर पैसा परत मागण्याचा निर्णय किती जणांनी घ्यायचा, आणि हिशेब कोणी व केव्हा तपासायचा. या तिन्हींना उत्तर देता येत नसेल तर तो गट अद्याप खरेदीला लायक झालेला नाही, असे समजावे.

पतपत्राचा खर्च छोट्या खेपेला परवडत नाही, तपासनीस नेमण्याचा तर त्याहून नाही, अशी तक्रार यावर केली जाईल. आणि ती खरीही आहे. पण जी खेप तपासणीचा खर्च सोसू शकत नाही, ती परदेशातून आणण्याइतकी मोठीच नाही, हा त्या तक्रारीतून निघणारा सरळ अर्थ आहे, आणि कमी भावाच्या पाटीखाली तो झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. वीस घरांचा पैसा एकत्र आला म्हणजे फक्त रक्कम मोठी होते. तो पैसा अडवून धरण्याचा आणि माल परत करण्याचा अधिकार त्याबरोबर आला तरच ती वीस घरे एकजुटीने खरेदी करीत आहेत असे म्हणता येईल.